दुर्बिणीमागच्या डॉक्टरचाही विचार करा

“मोतीबिंदू म्हणजे काय हो, दहा मिनिटांचे काम! सकाळी गेले की दुपारी घरी.” उल्हासनगरच्या कॅम्पात, अंबरनाथच्या रिक्षा स्टँडवर किंवा बदलापूरच्या फलाटावर हे वाक्य हमखास कानी पडते. त्यात खोटे काही नाही. हल्ली बहुतेक रुग्ण खरोखरच त्याच दिवशी घरी जातात. मात्र ही दहा-पंधरा मिनिटे डॉक्टरसाठी कशी असतात, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो करायला हवा, कारण त्याचा संबंध थेट आपल्या डोळ्याशी आहे.

फेको पद्धतीच्या शस्त्रक्रियेत डोळ्याला अडीच मिलिमीटरच्या आसपास छेद देतात. त्यातून बारीक सुई आत घालून, सेकंदाला हजारो वेळा होणाऱ्या कंपनांनी गढूळ झालेले भिंग फोडून ओढून घेतात. हे भिंग एका पातळ पिशवीत असते. पिशवीची मागची भिंत एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. मध्यभागी ती असे जेमतेम चार भाग जाड. आपल्या डोक्यावरचा केस तिच्या दहापट तरी जाड भरेल. याच पिशवीत नवे भिंग बसवायचे असते, म्हणून ती फाटून चालत नाही. डॉक्टरचे दोन्ही हात डोळ्यात, एक पाय दुर्बिणीच्या पेडलवर, दुसरा यंत्राच्या पेडलवर आणि नजर दुर्बिणीत. मान वाकवून तासन् तास असे बसल्याने नेत्रशल्यविशारदांत मानदुखी आणि पाठदुखी सर्रास आढळते.

शिवाय रुग्ण जागा असतो. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णाला झोपवतात. येथे बहुधा थेंबांची किंवा डोळ्याभोवती इंजेक्शनची भूल असते. आजोबांना खोकला आला, आजींनी दचकून मान हलवली, तर डॉक्टरला त्याच क्षणी हात सावरावा लागतो. रुग्णाला सारे ऐकू येत असल्याने काही बिनसले तरी आवाज चढवता येत नाही. आतून छातीत धडधडत असताना तोंडाने “छान चालले आहे आजी, समोरच्या दिव्याकडे बघा,” असे म्हणायचे! ही धडधड केवळ बोलण्यापुरती नाही. शस्त्रक्रिया चालू असताना डॉक्टरांच्या नाडीचे ठोके मोजण्याचे प्रयोग परदेशांत झाले असून, अवघड टप्प्यावर ठोके वाढतात असे दिसले आहे.

अनुभवी हातांतही शंभरात एखाद्या वेळी ती मागची भिंत फाटते. डोळ्यातील जेलीसारखा पदार्थ पुढे येतो, कधी भिंगाचा तुकडा मागे पडतो. योग्य उपचारांनी यातले बरेच डोळे वाचतात. पण त्या क्षणी डॉक्टरच्या मनावर जो आघात होतो, तो कुणी विचारात घेत नाही. बाहेर पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब पडलेले असतात. हातमोजे बदलायचे आणि पुन्हा दुर्बिणीसमोर बसायचे. ज्याचा तोच एक डोळा शाबूत आहे असा रुग्ण टेबलावर असला, तर ओझे आणखीच वाढते.

आपल्यासारख्या गावांत आणखी एक गोष्ट घडते. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर गर्दीत हरवून जातो. इथला डॉक्टर भाजीबाजारात, लग्नात, लोकलच्या डब्यात रुग्णाला भेटतच असतो. शंभर डोळे उजळले तर त्याची बातमी होत नाही, पण एक बिघडला तर चार दिवसांत साऱ्या कॅम्पात होते. त्यात वीज गेली, इन्व्हर्टरने दगा दिला, तर डोळा उघडा असताना काय होईल, ही धास्ती वेगळीच.

मोतीबिंदूविरुद्धची लढाई आकड्यांनी लढली गेली आणि ते आवश्यकही होते. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूचा खास प्रकल्प राबवला गेला, त्यात महाराष्ट्र होता. जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो गरिबांना दृष्टी दिली. हे ऋण मान्य करूनही मला वाटते की, आता नुसते आकडे मिरवण्याचे दिवस संपले पाहिजेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारमधील मुझफ्फरपूर येथे एका शिबिरात एकाच दिवशी साठाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि जंतुसंसर्गाने अनेकांचे डोळे काढावे लागले. जंतुसंसर्गाला कारणे अनेक असतात. तरीही घाई ही स्वच्छतेची वैरीण आहे, हे कोणीही डॉक्टर सांगेल.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. एका डॉक्टरने दिवसात किती डोळे करावेत याची मर्यादा कागदावर न राहता पाळली जावी. शिबिराच्या फलकावर “एका दिवसात इतक्या शस्त्रक्रिया” असे लिहिणे बंद व्हावे. गुंतागुंत झालेल्या डॉक्टरला थोडी उसंत मिळावी, ज्येष्ठाला फोन करून सल्ला विचारण्यात त्याला कमीपणा वाटू नये. शिकाऊ डॉक्टरांना आधी कृत्रिम डोळ्यांवर भरपूर सराव मिळावा आणि मग रुग्णांवर, ज्येष्ठ शेजारी बसलेले असताना. यात डॉक्टरांचे लाड नाहीत; यात रुग्णांचीच सुरक्षितता आहे. याचा अर्थ हलगर्जीपणाला माफी असाही नव्हे. निष्काळजीपणाचा जाब विचारलाच पाहिजे. पण प्रत्येक गुंतागुंत म्हणजे निष्काळजीपणा नसतो.

वाचकांच्याही हातात बरेच आहे. मोतीबिंदू “पिकू द्या” ही समजूत सोडा. पिकलेला मोतीबिंदू टणक होतो आणि शस्त्रक्रिया अवघड होते. लघवीच्या तक्रारीसाठी प्रोस्टेटची गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल, तर ते नेत्रतज्ज्ञाला जरूर सांगा. टॅमसुलोसिनसारख्या औषधाने डोळ्यातील बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो, हे २००५ साली अमेरिकेतील डॉ. चँग आणि डॉ. कॅम्पबेल यांनी दाखवले. आधी कळले तर डॉक्टर तयारीने बसतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेह, दमा, ऐकू कमी येणे, सरळ झोपल्यावर धाप लागणे, हे सारे आधी सांगा. खोकला असेल तर तारीख पुढे ढकला. टेबलावर हलावेसे वाटले तर आधी तोंडाने सांगा, मग हला.

आणि डॉक्टरने “आज नको, पुढच्या आठवड्यात करू,” असे म्हटले, तर रागावू नका. थकलेल्या हाताने आज करण्यापेक्षा ताज्या हाताने आठ दिवसांनी केलेले बरे. डोळा तुमचाच आहे.