आधी यादी, मग हॉल

उत्तर दिल्लीत, रिजच्या टेकडीवर हिंदूराव हॉस्पिटल आहे. रिक्षावाल्याला नाव सांगा, तो बिनचूक दारात नेऊन सोडतो. हे हिंदूराव कोण, ते मात्र त्याला ठाऊक नसतं. आपल्यातल्या तरी किती जणांना ठाऊक असतं म्हणा! हे कागलच्या घाटग्यांपैकी, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे सख्खे भाऊ. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला आणि त्याचा टेकडीवरचा बंगला हिंदूरावांनी विकत घेतला. पुढे १८५७ च्या लढाईत या बंगल्यावर तोफगोळे पडले, नंतर तिथं दवाखाना आला, पण नाव राहिलं ते मराठी माणसाचंच.

लग्नाच्या खर्चाचा विषय निघाला की मला आठवतं ते याच घरातलं एक लग्न. बायजाबाई आणि दौलतराव शिंदे यांचं. १७९८ मध्ये पुण्यात मोठ्या थाटात झालं. दौलतरावांना आधीच फौजेच्या पगाराची विवंचना, त्यात या थाटाची भर. मग वधुपिता सर्जेराव घाटगे यांनी पुण्यातल्या सावकारांना आणि सरदारांना छळून पैसा वसूल केला. पुणेकर ती लूट पिढ्यान्‌पिढ्या विसरले नाहीत. मांडव एकाचा आणि भुर्दंड भलत्यालाच!

आता कुणी तोफा घेऊन दारात येत नाही. पण रिसेप्शनचं बिल भलत्याच्या खिशातून जाण्याची रीत अजून मोडलेली नाही. फक्त ती 'आमची एवढीशीच तर अपेक्षा आहे' अशा गोड शब्दांत येते.

दिल्लीतल्या मराठी कुटुंबांना तर हा प्रश्न दुप्पट छळतो. आपल्याकडे लग्न मुहूर्तावर, दुपारी जेवण, आणि संध्याकाळचं रिसेप्शन बहुधा मुलाकडच्यांचं. इथल्या रिवाजात रात्रीची वरात, वरातीचं जेवण मुलीकडच्यांचं आणि रिसेप्शन आणखी वेगळं. दोन्ही रीती एका लग्नात भेटल्या की प्रत्येक पक्षाला आपल्या सोयीची रीत आठवते.

मलकागंजमध्ये राहणाऱ्या ओळखीच्या एका कुटुंबात हेच झालं. मुलगी मराठी, मुलगा पंजाबी. सकाळी लग्न आणि संध्याकाळी दोन्ही घरांचं मिळून एकच रिसेप्शन, खर्च निम्मा-निम्मा, असं हसतखेळत ठरलं. हॉलवाल्याला आगाऊ रक्कमही देऊन झाली. मग याद्या आल्या. मुलीकडची माणसं १४०, मुलाकडची ४१०! निम्मा खर्च म्हणजे मुलीच्या वडिलांनी पाहुण्यांच्या पाहुण्यांना जेवू घालायचं. वडील नुकतेच निवृत्त झालेले, हातात फंडाचे पैसे. ते गप्पच बसले, कारण मुलीचे बाप गप्प बसतात. बोलली ती मुलगी. तिनं होणाऱ्या नवऱ्यालाच सांगितलं, "हॉल, स्टेज, रोषणाई निम्मी-निम्मी. जेवणाच्या प्लेटा ज्याच्या त्याच्या यादीप्रमाणे." त्यानं घरी तसंच मांडलं. दोन दिवस तिकडे फुरंगटून झालं. मग सासूबाई स्वतः पेन घेऊन बसल्या आणि यादी २८० वर आली. कमी झालेल्या १३० माणसांची नावंही कुणाला नीट आठवत नव्हती म्हणे!

मला यात मुलीच्या हुशारीपेक्षा तिची वेळ महत्त्वाची वाटते. हे बोलणं तिनं पत्रिका छापण्याआधी केलं. चावडी बाजारातून छापील गठ्ठा घरी आला की मग कुणाचं नाव गाळता येत नाही. तेव्हा वाचकहो, हॉल बघायला निघण्याआधी यादी करा. दोन्ही घरांनी करा आणि एकमेकांना दाखवा. घरटी एक नाव लिहून चालत नाही, डोकी मोजावी लागतात. 'श्री. व सौ.' लिहिलं की मुलं आणि आजी धरून पाच जण येतात. यादी छोटी निघाली, तर बँक्वेट हॉलची गरजच राहत नाही. महानगरपालिकेची बारातघरं आहेत, सोसायटीचा हॉल आहे. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, तिथंही चौकशी करून बघा.

केटररशी बोलताना एक प्रश्न आवर्जून विचारा : प्लेट मोजायची ती नेमकी कुठली? गोलगप्पे आणि टिक्की खाऊन आठ वाजता निघून गेलेला पाहुणा हिशेबात धरणार की नाही? कमीत कमी किती प्लेटांचे पैसे द्यावेच लागतील? वरच्या प्लेटांचा दर काय? जीएसटी दरातच धरलाय की वेगळा? ही उत्तरं कागदावर घ्या. आणि त्या रात्री प्लेटा मोजायला घरातला एक जाणता माणूस उभा करा. हे काम भाच्यांकडे देऊ नका, ते नाचायला जातात.

जेवणात पदार्थ किती, याचा फार बाऊ होतो. साठच्या दशकात अन्नधान्याची टंचाई होती, किती पाहुण्यांना जेवू घालायचं यावर सरकारी बंधनं होती. त्या काळी आइस्क्रीमच्या एका कपावर रिसेप्शनं पार पडली आणि त्यांचे संसारही नीट झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये करोनामुळे दिल्लीत लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, तेव्हाही लग्नं लागलीच.

आहेराचं मात्र जपून. आपल्या पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ शोभून दिसते. दिल्लीच्या शेजाऱ्याला ती लागते. एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं शगुनाचं पाकीट परत करणं म्हणजे आशीर्वाद परत करणं, असं तो मानतो. मिश्र लग्न असेल तर ती ओळ फक्त मराठी पत्रिकेवर छापा. आणि काय काय आलं ते त्याच रात्री वहीत उतरवा. वधू-वरांना मिळालेल्या भेटींची सही केलेली यादी ठेवायची, असा हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ पासून नियमच आहे. बहुतेकांना तो माहीत नसतो. लिहिताना ती यादी कटकटीची वाटेल, पण पुढे काही वाद निघालाच तर मुलीच्या हातात तोच कागद असतो.

राहता राहिली वेळ. पत्रिकेवर सात छापलं की मराठी मंडळी सातला हजर, आणि पंजाबी मंडळी साडेनऊला. मधले अडीच तास आपल्या आत्या-मावश्या शाली गुंडाळून 'पानं कधी वाढणार?' विचारत बसतात. डिसेंबर-जानेवारीत उघड्या लॉनवर तर त्यांचे हालच! त्यात धुक्यानं झेलम किंवा गोवा एक्स्प्रेस तासन्‌तास उशिरा आलेली, अंगात कणकण. म्हणून वडीलधाऱ्यांसाठी आठ वाजताच आतल्या खोलीत वरणभाताची वेगळी सोय ठेवा. वधू-वरांना मंचावर चढवण्याआधी त्यांना तिथं एकदा नमस्काराला न्या. फोटोच्या रांगेत ताटकळायला आजींचे गुडघे तयार नसतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, डीजेवाल्याला हे आधीच सांगा. शेवटची मेट्रो अकराच्या सुमाराला असते. ती चुकली की परतीच्या गाड्यांची जबाबदारी यजमानांवर, आणि तो खर्च कुणाच्याच यादीत धरलेला नसतो.