झाडाचे खोड कोण पाहणार?



मागच्या पावसाळ्यात काटोलकडच्या एका बाईंचा मला फोन आला. संत्र्याच्या बागेतली काही झाडे पिवळी पडून पाने गाळू लागली होती. "साहेब, एकदा येऊन पाहून जाता का?" असे त्यांनी विचारले. माझ्या हाती त्या दिवशी अतिवृष्टीच्या पंचनाम्यांचा गठ्ठा होता. मी म्हटले, "बाई, मुलाला मोबाईलवर पाहायला सांगा, आता सगळे त्यात सापडते." माझे हे वाक्य मला अजून टोचते, म्हणून आज त्याविषयीच लिहितो.

मुलाने मोबाईलवर विचारले. वर आलेल्या पहिल्या ओळी जाहिरातींच्या होत्या. 'प्रायोजित' हा शब्द बारीक अक्षरात होता, पण तो वाचतो कोण? त्यात नाव, गाव, झाडांची संख्या आणि फोन नंबर भरून दिला. थोड्याच वेळात फोन आला. गोड आवाजात "नमस्कार ताई" झाले. बाई बिचाऱ्या बांधावरून येणाऱ्या पाण्याची हकीकत सांगू लागल्या, तरी पलीकडचा आवाज आपले बोलतच राहिला. "जरा थांब ना गं बाई" असे म्हणाल्यावरही थांबला नाही, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की पलीकडे माणूस नाही. तरीही टॉनिकच्या बाटल्या मागवल्या गेल्या, कारण पैसे माल हाती आल्यावर द्यायचे होते. दोन फवारे झाले. पाने गळतच राहिली.

दिवाळीनंतर मी गेलो. बुंध्याजवळची माती हाताने उकरली तो कलमाचा डोळा मातीत दबलेला, सालीला उभ्या चिरा आणि त्यातून डिंक वाहिलेला. शेजारच्या धुऱ्यावरचे पाणी पावसाळाभर त्या ओळीत साचले होते. रोग डिंक्याचा होता, आणि फवारा पानांवर चालला होता. अकरा झाडे हातची गेली होती. पावसाळ्यातच पाण्याला चर काढून दिला असता, रोगट साल खरवडून बोर्डो मलम लावले असते, तर त्यातली बरीच वाचली असती. मलमाचे प्रमाण पुन्हा सांगतो: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. पावसाळ्याच्या आधी व नंतर जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत बुंध्याला लावावे. वरंब्याने पाणी देत असाल तर ते खोडाला भिडू नये, यासाठी दुहेरी आळे करावे.

जाहिराती आधीही होत्या. एसटी स्टँडच्या भिंती खतांच्या नि बियाण्यांच्या चित्रांनी रंगलेल्या असत. पण ती भिंत जाहिरातीची आहे हे शाळकरी पोरालाही कळे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. तेव्हापासून कितीतरी वर्षे संध्याकाळी रेडिओभोवती बसणाऱ्याला एवढी खात्री असे की सांगणारा माणूस आहे आणि त्याला बाटली विकायची नाही. आता जाहिरात उत्तराचे कपडे घालून येते. तुम्ही प्रश्न टाकताच त्या प्रश्नापुढच्या जागेचा यंत्रावर लिलाव होतो, कळमन्याच्या मार्केटात ढिगाचा होतो तसाच. फरक एवढाच की तो डोळ्याचे पाते लवण्याआधी संपतो. तुम्ही नुसते बोट लावले तरी जाहिरातवाल्याकडून पैसे घेतले जातात. तुमचे दुखणे हाच तिथला माल.

व्हिडिओंचे तसेच. अलीकडे मी संत्र्याच्या फळगळीवरचा एक व्हिडिओ पाहिला. आवाज खणखणीत, सुरुवात "शेतकरी मित्रांनो" अशी, आणि मध्येच "घडांची विरळणी करा" असा सल्ला! द्राक्षाचा मजकूर संत्र्याला जोडून यंत्राने वाचला होता. खाली लोकांनी "छान माहिती" असे लिहिले होते. ती तरी माणसे होती की नाही, देव जाणे.

यंत्र वाईटच, असे माझे म्हणणे नाही. पीएम किसानचा हप्ता का अडला हे विचारायला केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'किसान ई-मित्र' आणले, राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये 'महाविस्तार' ॲप आणले. हवामान, बाजारभाव, योजनेची कागदपत्रे यासाठी ती जरूर वापरा. आम्ही कचेरीत असतो त्याहून ती जास्त वेळ जागी असतात. पण पिवळे पान जस्ताच्या कमतरतेने होते, मूळकुजीने होते आणि साचलेल्या पाण्यानेही होते. पानाचा फोटो पाहून खोडाजवळची माती उकरता येत नाही. त्यासाठी "पाणी कुठून येते?" असे उलट विचारणारा कोणीतरी लागतो.

असा माणूस अजून फोनवर मिळतो. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे. नंबर १८००-१८०-१५५१, वेळ सकाळी ६ ते रात्री १०, पैसे पडत नाहीत, मराठीत बोला. संत्र्यासाठी नागपुरातच अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे; रोगट मुळ्या व माती पिशवीत घालून घेऊन जा. टॉनिक म्हणून विकली जाणारी जैव उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा बिल घेतल्याशिवाय बाटली घेऊ नका. आणि पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर ॲपची फाईल आली तर ती उघडू नका. उघडून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

त्या बाईंना त्या एका फॉर्मपायी अजून फोन येतात. कधी ठिबकचे, कधी कर्जाचे. माझ्याकडे मात्र त्यांनी परत विचारणा केली नाही. मीच मृगाच्या आधी त्यांच्याकडे जाऊन उरलेल्या झाडांना मलम लावून घेतले. चहा दिला, पण बोलणे पहिल्यासारखे झाले नाही.

सोमवारी व गुरुवारी मी पंचायत समितीत असतो. फोटो पाठवाल तर पानाबरोबर जमिनीलगतच्या खोडाचाही पाठवा, आणि पाणी कोणत्या बाजूने येते ते चिठ्ठीत लिहा.