स्वतःच्या पगारवाढीला स्वतःचंच मत!



यंदा लाभांश नाही, कारण ‘बाजार कठीण आहे’, असं सभेची नोटीस सांगते. त्याच नोटिशीत दोन विषय खाली प्रवर्तक-संचालकांच्या पगारवाढीचा विशेष ठराव! भागधारक म्हणून संताप तुम्हालाही आलाच असेल. आम्ही फक्त मतांचं गणित मांडतो.

नफा अपुरा असताना मर्यादेबाहेर पगार घ्यायला पूर्वी केंद्र सरकारची परवानगी लागे. सप्टेंबर २०१८ पासून भागधारकांचा विशेष ठराव पुरतो. त्याला विरोधी मतांच्या तिप्पट मतं लागतात. केवढा कडक नियम! पण प्रवर्तकांना ७५ टक्क्यांपर्यंत भाग ठेवता येतात. उरलेल्या २५ टक्क्यांतल्या एकूण एकाने ‘नाही’ म्हटलं, तरी पंचविसाची तिप्पट पंचाहत्तरच. भाग ६० टक्के असले आणि बाकीच्यांतल्या निम्म्यांनीच मत दिलं, तरी साठाला वीस. ठराव मंजूर, टाळ्या, चहा.

‘माणसं सज्जन आहेत, संशय कशाला?’ अमेरिकेत आयोवा विद्यापीठातले वित्तशास्त्राचे प्राध्यापक एरिक ली यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना शेअर-ऑप्शन (म्हणजे त्या दिवशीच्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क) मिळाल्याच्या तारखा तपासल्या. भाव आधी पडलेला, नंतर चढलेला, आणि तारीख नेमकी तळाची. नशीब इतकं वक्तशीर नसतं. काही तारखा मागाहून टाकलेल्या असाव्यात, असं त्यांनी २००५ साली मांडलं. ऑगस्ट २००२ पासून ऑप्शन दोन दिवसांत जाहीर करण्याचा नियम आला होता. त्यानंतर हा चमत्कार बराच ओसरल्याचं ली आणि त्यांचे सहकारी हेरॉन यांनी पुढे दाखवलं. त्या ऑगस्टमध्ये कुणाला सद्बुद्धी झाली नव्हती. पळवाट अरुंद झाली होती.

‘पगार स्वतंत्र संचालकांची समिती ठरवते.’ आणि त्या संचालकांना कुणाच्या मतांनी बसवलं? वाढपीही त्यांचे, पंगतही त्यांचीच.

‘एवढं दिलं नाही तर हुशार माणूस सोडून जाईल.’ बाहेरून आणलेल्या व्यवस्थापकाबद्दल हे ऐकून घेऊ. पण ज्याच्या आजोबांचं नाव कारखान्याच्या फाटकावर आहे, तो कुठे जाणार? जाऊन दाखवावं. निरोपसमारंभ आम्ही वर्गणी काढून करू.

‘पटत नसेल तर शेअर विका.’ हे तर सर्वांत उर्मट. भांडवल आमचंही आहे, आणि ठराव मागायला तुम्ही आमच्याकडे आला आहात.

प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीशी मोठा व्यवहार करायचा असेल, तर संबंधितांना मंजुरीचं मत देता येत नाही. मग स्वतःच्या पगाराला का देता यावं? मागणी एवढीच: या ठरावावर प्रवर्तकांची मतं मोजू नयेत.

नियम बदलेपर्यंत वार्षिक अहवाल उघडा. संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट, हे त्यात छापावंच लागतं. तो आकडा सभेत मोठ्याने वाचा. आणि मत विरोधात टाका. घरबसल्या करायचं ई-मतदान सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं.