अर्ज कोणाच्या नावे करावा?

गेल्या पावसाळ्यातील एका सकाळी आमच्या महाविद्यालयातील वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी प्राध्यापक-कक्षाच्या दाराशी उभा राहिला. उजव्या हाताला बँडेज होते. दिवसा वर्ग आणि रात्री घरोघर खाद्यपदार्थ पोहोचविण्याचे काम, असा त्याचा दोन वर्षांचा क्रम. निसरड्या रस्त्यावर दुचाकी घसरली, हाती असलेली मागणी अर्धवट राहिली आणि तीन दिवस घरी बसावे लागले. चौथ्या दिवशी मोबाइल उघडून पाहतो तो त्याचे खाते बंद! कारण दिलेले नव्हते. मदतीसाठी दिलेल्या जागी प्रश्न लिहिला की ठरावीक उत्तर उमटे. ते यंत्राने दिलेले आहे, हे त्याच्याही ध्यानात आले होते. त्याने मला एकच गोष्ट विचारली : "सर, अर्ज लिहायचा आहे, पण कोणाच्या नावे लिहू?"

अर्थशास्त्र शिकविण्यात वीस वर्षे घालविलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कारकुनापासून शिक्षकापर्यंत आपण सारे 'प्रति' या शब्दाने अर्जाचा आरंभ करतो. त्या शब्दापुढे लिहावयास कोणी तरी असते, हे आपण गृहीतच धरलेले आहे. ज्या व्यवस्थेत 'प्रति'पुढची जागा रिकामी राहते, तिच्यात कामगाराला मजुरी मिळेल, पण न्याय मिळणार नाही. तंत्रज्ञान चांगले की वाईट, या वादापेक्षा ही रिकामी जागा कोणी निर्माण केली आणि तिचा लाभ कोणाला होतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

नवे यंत्र, जुनी युक्ती

या कंपन्यांचे म्हणणे असे की, आम्ही कोणाला नोकरीवर ठेवीतच नाही. आम्ही केवळ ग्राहक आणि सेवा देणारा यांची गाठ घालून देतो. हे म्हणणे क्षणभर खरे मानू. मंडईत गाळे भाड्याने देणारी नगरपालिकाही ग्राहक आणि भाजीवाला यांची गाठ घालून देते. पण मेथीच्या जुडीचा भाव ती ठरवीत नाही. कोणत्या गिऱ्हाइकाने कोणत्या गाळ्यावर जावे, हे सांगत नाही. दोन गिऱ्हाइके परत गेली म्हणून भाजीवाल्याला तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेर काढीत नाही. येथे मात्र फेरीचा दर कंपनी ठरविते, काम कोणाला द्यावयाचे ते कंपनीची गणितप्रणाली ठरविते, आणि गुणांकन घसरले तर शिक्षाही तीच देते. दर, काम आणि शिक्षा या तिन्ही गोष्टी ज्याच्या हाती असतात त्याला व्यवहारात मालकच म्हणतात.

ही युक्ती नवीन आहे, असेही नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार नेमण्याचे आणि काढण्याचे अधिकार दीर्घकाळ जॉबरकडे होते. गिरणीमालकाला कामगाराचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बदली कामगारांनी सकाळी फाटकाशी जमावे आणि जॉबरची मर्जी होईल त्यांनी आत जावे, हा रिवाज होता. गोद्यांत आणि घाऊक बाजारांतही तेच. व्यापारी म्हणे, हमाल टोळीचा. टोळीवाला म्हणे, मी तर निमित्तमात्र. आजचा जॉबर खिशातल्या मोबाइलमध्ये बसतो, त्याला दस्तुरी द्यावी लागत नाही आणि तो दिसत नाही, एवढाच काय तो फरक. किंबहुना जुन्या मुकादमाला निदान हातापाया पडून विनविता तरी येत असे.

१९६९ चा धडा

या कोंडीतून मार्ग काढण्याचा मान महाराष्ट्राकडे जातो, याचे आपल्याला विस्मरण झाले आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली संघटित झालेल्या माथाडी कामगारांच्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम अस्तित्वात आला. त्यापूर्वी गोदी कामगारांसाठी १९४८ च्या केंद्रीय कायद्याने असाच एक प्रयोग केला होता. तथापि, विखुरलेल्या बाजारपेठांतील ओझी वाहणाऱ्यांना तशा छत्राखाली आणणे हे अधिक धाडसाचे काम होते.

या कायद्यातील मर्म अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. 'या हमालाचा खरा मालक कोण?' या प्रश्नाच्या दलदलीत हा कायदा रुतून बसला नाही. जो काम करवून घेतो त्याने मंडळाकडे नाव नोंदवावे, जो काम करतो त्यानेही नोंदवावे. मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक टक्क्यांची लेव्ही मालकाने मंडळात भरावी. आणि त्यातून मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, भरपगारी सुट्टी आणि औषधोपचार द्यावेत, अशी त्याची रचना. मंडळावर मालक, कामगार आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी असतात. सकाळी एका व्यापाऱ्याच्या गोण्या उतरविणारा आणि दुपारी दुसऱ्याच्या गाडीवर चढविणारा माणूस अशा रीतीने कोणा एकाचा नोकर न होताही सुरक्षित झाला. लवचीक काम आणि सामाजिक सुरक्षा या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे आज जे आपल्याला ऐकविले जाते त्याचे उत्तर पन्नास वर्षांहून अधिक काळ आपल्या घाऊक बाजारांत पाठीवर गोणी घेऊन वावरते आहे.

संहितेने काय दिले?

प्रश्न किती मोठा आहे? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशा कामगारांची संख्या सुमारे ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये या वर्गाचा प्रथमच उल्लेख झाला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. हे पाऊल पुढचे आहे, यात शंका नाही. परंतु संहितेची भाषा बारकाईने वाचावयास हवी. पारंपरिक मालक-नोकर संबंधांच्या बाहेर राहून कमावणारा, अशीच या कामगाराची व्याख्या तिने केली आहे. म्हणजे ज्या मुद्द्यावर वाद होता तो व्याख्येतच कंपन्यांच्या बाजूने निकालात काढला. किमान वेतन, कामाचे तास आणि कामावरून कमी करण्यावरील बंधने या गोष्टी या व्याख्येबरोबर दाराबाहेरच राहतात. आत येतात त्या विमा, आरोग्य, वार्धक्य इत्यादींच्या योजना, आणि त्याही शासन जेव्हा आखील तेव्हा.

आता पैशाचा हिशेब पाहू. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान द्यावयाचे. मात्र ते कामगारांना दिलेल्या वा देय असलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक असू नये. समजा, एखाद्या तरुणाने वर्षभरात दोन लाख रुपये मिळविले. त्याच्यापोटी कंपनीवरील भार अधिकात अधिक दहा हजार रुपये, म्हणजे दरमहा साडेआठशेही नाही. तेवढ्याच वेतनाच्या कायम नोकराचा मालक केवळ भविष्यनिर्वाह निधीपोटी बारा टक्के, म्हणजे चोवीस हजार रुपये भरतो. उपदान आणि रजा निराळ्याच. माथाडी मंडळांतील लेव्ही तर याहून कितीतरी चढी असते. शिवाय दुचाकी त्या तरुणाची, पेट्रोल त्याचे, दुरुस्ती त्याची आणि मागणीची वाट पाहत चौकात उभे राहण्याचा वेळही त्याचाच. धंद्यातील जोखीम ही भांडवलाने उचलावयाची आणि त्याबद्दल नफा घ्यावयाचा, असे आम्ही वर्गात शिकवितो. येथे नफा एकाकडे आणि जोखीम दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाली आहे.

भांडवलाचे बळ

ही वाटणी आपोआप होत नाही. ती टिकविण्यासाठी किती बळ लावले जाते, याचे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने दाखविले आहे. तेथील विधिमंडळाने २०१९ साली अशा कामगारांना नोकराचा दर्जा मिळेल असा कायदा केला. कंपन्यांनी पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात त्यावर सार्वमत घडवून आणले, वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम प्रचारावर खर्च केली आणि प्रवासी वाहतूक व वितरण करणाऱ्यांना त्या कायद्यातून वगळून घेतले. नफ्यातून कायदा घडविता येतो आणि कायद्यातून पुन्हा नफा, असे हे चक्र आहे.

त्याच्या उलट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगार मानले आणि ॲप चालू ठेवून प्रवाशाची वाट पाहण्यात गेलेला वेळही कामातच धरला. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात, कामगाराचे खाते बंद करण्याचा निर्णय यंत्राने नव्हे तर माणसानेच घ्यावा, असा दंडक घातला. आपल्या देशातही राजस्थानने २०२३ मध्ये, प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क आकारण्याची तरतूद असलेला कायदा सर्वप्रथम केला. कर्नाटकाने २०२५ मध्ये एक ते पाच टक्के कल्याण शुल्काबरोबरच, काम थांबविण्यापूर्वी कारण देऊन चौदा दिवसांची पूर्वसूचना बंधनकारक केली. कायदा होणे आणि तो राबणे यांत अंतर असते, हे खरेच; पण 'प्रति'पुढची जागा भरण्याचा आरंभ तरी झाला आहे.

आक्षेपांचा विचार

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात आणि त्यांना बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला, सेवा महाग होईल. होईल, पण किती? एका फेरीचे चाळीस रुपये धरले तर पाच टक्के म्हणजे दोन रुपये आणि वीस टक्के आकारले तरी आठ रुपये. एवढ्याने जी मागणी नाहीशी होईल ती मुळात कोणाच्या तरी उपाशीपोटी उभी होती, असेच म्हणावे लागेल. दुसरा आक्षेप असा की, रोजगार घटेल. काही प्रमाणात घटूही शकेल. परंतु पदवीधर तरुणांना रात्रीच्या रस्त्यावर जीव धोक्यात घालण्याखेरीज दुसरा मार्ग नसणे हे रोजगारधोरणाचे यश म्हणून मिरविता येत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माथाडींच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या, अशी उद्योजकांची तक्रार आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. मात्र हे दोष नोंदणी आणि हिशेब यांतील पोकळीतून जन्मले. नव्या व्यवसायात प्रत्येक फेरीची वेळ, अंतर आणि रक्कम यंत्रात आधीच टिपलेली असते. ज्या तंत्रज्ञानाने मालक लपतो, त्याच तंत्रज्ञानाने लेव्हीची पै न् पै मोजता येईल. ते कोणासाठी राबवावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

काय करावे?

महाराष्ट्राने माथाडी मंडळाच्या धर्तीवर या कामगारांसाठी त्रिपक्षीय मंडळाची रचना उभी करावी. प्रत्येक फेरीमागे लेव्ही थेट मंडळाच्या खात्यात जमा व्हावी. वाट पाहण्याच्या वेळेसह किमान दर ठरवावा. आणि लेखी कारण व सुनावणी यांवाचून कोणाचेही खाते बंद करता येऊ नये. काम कोणत्या निकषांवर वाटले जाते, हे मंडळाला तपासता आले पाहिजे. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. पाठीवरच्या गोणीसाठी जे केले तेच पाठीवरच्या पिशवीसाठी करावे, एवढेच म्हणणे आहे.

पगारदार मध्यमवर्गाला हा प्रश्न परका वाटण्याचा संभव आहे. दहा मिनिटांत दारी येणाऱ्या दुधाच्या पिशवीचे आपण लाभार्थी आहोत, हेही त्याचे एक कारण असावे. परंतु माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसणारे तासिका तत्त्वावरील सहकारी तासाप्रमाणे मानधन घेतात, सुट्टीत त्यांचे उत्पन्न थांबते आणि पुढल्या जूनची त्यांना शाश्वती नसते. कार्यालयांतील कंत्राटी लिपिकांची स्थिती निराळी नाही. आज रस्त्यावर रूढ होणारी पद्धत उद्या कचेरीत आणि वर्गातही येते. किंबहुना ती आलेलीच आहे.

त्या विद्यार्थ्याने अखेर अर्ज लिहिलाच. पुढे त्याचे खाते उघडले नाही. तो दुसऱ्या एका कंपनीसाठी त्याच रस्त्यांवरून त्याच पद्धतीने धावतो आहे. अर्जाची एक प्रत त्याने मला वाचावयास दिली होती. मजकूर नेटका होता, विषय स्पष्ट होता, खाली सहीही होती. फक्त 'प्रति' या शब्दापुढे त्याने रेघ ओढून जागा कोरी सोडली होती. ती भरून देणे हे राज्याचे काम आहे.