कॅसेट फेकू नका, आधी मशीन बघा



आपल्या पुष्कळ घरांत जुन्या कॅसेटी अजून आहेत. कुणाच्या आजीची लग्नातली गाणी, कुणाच्या मामांचे कीर्तन. लावल्या की नुसतं घुंऽऽऽ ऐकू येतं आणि मुलं म्हणतात, आजी, आता फेकून दे. मुळीच फेकू नका!

आवाजाचं बटण शून्यावर आणा. तरी घुंऽऽऽ चालूच राहिलं, तर दोष कॅसेटचा नाही. सेलवर चालणारं मशीन असेल तर सेल घालून बघा. घुंऽऽऽ थांबलं की समजा, बहुतेक आतला कपॅसिटर सुकला. इथल्या दुकानात त्याला कबाल म्हणून मागावं.

मुलांनो, मुंबईला आमच्या नळाला थोडा वेळच पाणी यायचं, पण पिंप भरलेलं असलं की दिवसभर पुरायचं. कपॅसिटर हे विजेचं पिंप. भिंतीतली वीज सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होते, मशीनमध्ये तिचे 100 ठोके होतात. कपॅसिटर ते साठवून वीज एकसारखी सोडतो. वर्षानुवर्षं उष्णतेने त्याच्या पोटातलं द्रव्य सुकतं, पिंप लहान होतं आणि ते ठोके आपल्याला ऐकू येतात.

नवा घेताना जुन्यावरचे आकडे वाचा. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त चालतात, कमी कधीच नाही. 85 अंशांच्या ऐवजी 105 अंशांचा घ्यावा, तो जास्त टिकतो. पट्टा असलेली बाजू ऋण असते, उलटा बसवला तर फुटतो. दुकानदार सोनेरी वेष्टनाचा महागडा दाखवतील, की याने आवाज गोड होतो. आम्हाला काही ते पटत नाही. चांगल्या कंपनीचा साधा, पण ताजा माल घ्या. छोटे चपटे सिरॅमिकचे सहसा बिघडत नाहीत, त्यांना उगाच हात लावू नये.

आवाज नुसता दबका येत असेल तर कपॅसिटरच्या आधी टेपचं हेड कापसाने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. तेवढ्यानेही पुष्कळदा काम होतं.

पण मशीन उघडायचं काम जाणकार माणसाचं. वॉर्डात पेशंटचं हृदय ताळ्यावर आणायला झटका देतात ना, त्या डिफिब्रिलेटरमध्येही वीज कपॅसिटरमध्येच साठवलेली असते. झटक्याच्या आधी आम्ही सगळ्यांना खाटेपासून दूर व्हायला सांगत असू. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत तर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट राहू शकतात. तेव्हा पोरांनो, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा!

दुरुस्त झाल्यावर मात्र तुमची गरज लागेल. आजीला त्याच दिवशी कॅसेट कम्प्युटरवर उतरवून द्या आणि गाणाऱ्या बाईचं नाव विचारून लिहून ठेवा. ते नाव कॅसेटवर बहुतेक नसतंच.