आधी पॉवर सप्लाय, मग पेडल

गिटारवादकांच्या गप्पांमध्ये एक मत ठामपणे मांडलं जातं. आवाज घडतो तो पेडलमध्ये. पॉवर सप्लायचं काम फक्त वीज पुरवायचं, आणि नऊ व्होल्ट कुठूनही आले तरी ते नऊ व्होल्टच. या मतावर विसंबून पुण्या-मुंबईतले कितीतरी तरुण वादक हजारो रुपयांचा रिव्हर्ब घेतात आणि त्याला वीज देतात ती काउंटरवर मिळेल त्या स्वस्त ॲडॉप्टरने. मग खरखर सुरू झाली की दोष आधी पेडलला, मग केबलला, मग ॲम्पला आणि शेवटी हॉलच्या वायरिंगला दिला जातो. हे मत चुकीचं आहे आणि ते वादकाला महागात पडतं.

ते कुठून आलं हे मात्र समजून घ्यायला हवं, कारण एके काळी ते खरं होतं. १९६२ साली आलेला माएस्ट्रो फझ-टोन दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालायचा. १९६६ च्या फझ फेसला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरायची आणि ती महिनोन् महिने टिकायची. बॉस कंपनीने १९७७ मध्ये छोट्या पेडलांची मालिका आणली, तेव्हाही गरज अशीच माफक होती. आजही दुकानात मिळणारा बॉस डीएस-१ जेमतेम ४ मिलिॲम्पिअर प्रवाह घेतो. असे तीन-चार पेडल एका ॲडॉप्टरवर टाकले तर काही बिघडत नाही. म्हणजे मत जुन्या पेडलांपुरतं बरोबर होतं. पेडल बदलले, मत तिथेच राहिलं.

स्ट्रायमनचा बिगस्काय रिव्हर्ब घ्या. त्याला ३०० मिलिॲम्पिअर लागतात, म्हणजे डीएस-१ च्या ७५ पट. लाइन सिक्सच्या एचएक्स स्टॉम्पसोबत येणारा ॲडॉप्टर तर ३ ॲम्पिअरचा आहे. या पेट्यांच्या आत एक छोटा संगणक चालतो आणि तो वीज एकसारखी न घेता झटक्या-झटक्याने ओढतो. शिवाय ‘नऊ व्होल्ट’ ही एकच गोष्ट नाही. लाइन सिक्सच्या मूळ डीएल-४ ला आणि डिजिटेकच्या चौथ्या पिढीच्या व्हॅमीला नऊ व्होल्ट एसी लागतात, डीसी नव्हे. बहुतेक पेडलांच्या जॅकमध्ये मधली पिन निगेटिव्ह असते, पण सगळ्यांच्या नाही. जुन्या बॉस पेडलांवर ‘एसीए’ असं छापलेलं असतं. त्यांना आजच्या ॲडॉप्टरचे नेमके नऊ व्होल्ट अपुरे पडतात आणि एलईडी मंद पेटतो. सेकंडहँड पेडल घेणाऱ्याने खालचा स्टिकर वाचलाच पाहिजे.

पहिला पूर्वपक्ष डेझी चेनवाल्यांचा, म्हणजे एकाच ॲडॉप्टरच्या वायरीवर सगळे पेडल जोडणाऱ्यांचा. ते म्हणतात, ‘ट्रूटोनचा वन स्पॉट एकटा १७०० मिलिॲम्पिअर देतो. माझ्या बोर्डची सगळी गरज पाचशेच्या आत आहे. मग एका ॲडॉप्टरला फाटे फोडले तर बिघडलं कुठे?’ बेरीज बरोबर आहे, पण अडचण बेरजेत नाहीच. एका वायरवरून सगळे पेडल जोडले की त्यांची निगेटिव्ह एक होते. तीच निगेटिव्ह पॅच केबलच्या जाळीतूनही एका पेडलपासून दुसऱ्यापर्यंत जोडलेली असते, म्हणजे परतीच्या प्रवाहाला दोन वाटा मिळतात. डिजिटल पेडलचा झटक्याचा प्रवाह ५० मिलिॲम्पिअर धरला आणि सामाईक वायरचा व जोडांचा रोध ०.१ ओहम धरला, तर त्या वायरवर ५ मिलिव्होल्टचा कचरा उभा राहतो. त्याचा अगदी थोडा हिस्सा, समजा एक मिलिव्होल्ट, डिस्टॉर्शनच्या आधी सिग्नलमध्ये शिरला आणि डिस्टॉर्शनने तो हजार पटीने वाढवला, तर गिटारच्या तारेला हात न लावता पूर्ण एक व्होल्टाची शिटी ॲम्पकडे जाते. ॲडॉप्टर १७०० चा घ्या नाहीतर ५००० चा, ही शिटी त्याने जात नाही. ती जाते डिजिटल पेडलला वेगळं, आयसोलेटेड आउटपुट दिल्यावर. अशा आउटपुटमध्ये प्रत्येकाचं वायंडिंग किंवा कन्व्हर्टर स्वतंत्र असतो, त्यामुळे एकाची निगेटिव्ह सप्लायच्या आत दुसऱ्याला भेटत नाही.

जुन्या पद्धतीच्या, जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरच्या फझ पेडलांबाबत तर हा प्रश्न खरखरीवर थांबत नाही. त्यांची पॉझिटिव्ह बाजू ग्राउंड असते. असा फझ इतर पेडलांसोबत एकाच चेनवर जोडला की पॅच केबलच्या जाळीतून सप्लाय सरळ शॉर्ट होतो.

दुसरा गैरसमज याच्या अगदी उलट टोकाचा आहे. ‘पेडलवर १०० मिलिॲम्पिअर लिहिलंय आणि आउटपुट ५०० चं आहे, पेडल जळेल!’ ही भीती निराधार आहे. पंधरा ॲम्पिअरच्या सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावला म्हणून चार्जर जळत नाही. तो आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह घेतो. व्होल्टेज मात्र सप्लाय ठरवतो आणि पेडलला ते निमूट सोसावं लागतं. म्हणून मिलिॲम्पिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत. व्होल्ट मात्र सांगितलेलेच द्यावे लागतात. बिगस्काय १०० मिलिॲम्पिअरच्या आउटपुटवर लावला तर तो सुरूच होणार नाही किंवा वाजता वाजता रिसेट होईल.

व्होल्टची ही शिस्त मोडायचा मोह हल्ली ‘हेडरूम’च्या नावाखाली होतो. फुलटोनचा ओसीडी १८ व्होल्टवर जास्त मोकळा वाजतो हे खरं आहे. तो त्यासाठी बनवलेलाच आहे. पण त्यावरून प्रत्येक पेडल १८ वर चालवायचं अनुमान काढणं धोक्याचं. क्लॉन सेंटॉरमध्ये आणि त्याच्या असंख्य नकलांमध्ये मॅक्स १०४४ किंवा तसाच चार्ज पंप, म्हणजे आतलं व्होल्टेज वाढवणारी चिप असते. मॅक्स १०४४ ची सहनमर्यादा १०.५ व्होल्ट आहे, त्यामुळे १८ व्होल्ट दिले की ती मरते. स्वस्त, अनियंत्रित ॲडॉप्टरचा धोकाही नेमका हाच. त्यावर ‘९ व्होल्ट’ छापलेलं असतं, पण भार कमी असला की तो सहज १३-१४ व्होल्टपर्यंत चढतो. ४ मिलिॲम्पिअर घेणाऱ्या पेडलचा भार त्याला भार वाटतच नाही.

बॅटरीच्या समर्थकांचा पक्ष अधिक आदराने ऐकण्यासारखा आहे. गिटारवादक एरिक जॉन्सन यांना दोन कंपन्यांच्या बॅटऱ्यांतला फरक कानाने कळतो, ही आख्यायिका जगभरचे गिटारवादक सांगतात. तिच्यामागे शास्त्र आहे. जुनाट कार्बन-झिंक बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे जोरात स्ट्रोक मारला की तिचं व्होल्टेज किंचित खाली बसतं, आणि फझ फेससारखं साधं सर्किट त्यावर वेगळं वागतं. व्हूडू लॅबने आपल्या पेडल पॉवर टू प्लसच्या दोन आउटपुटांना व्होल्टेज खाली आणणारा ‘सॅग’चा नॉब दिला तो याचसाठी. शिवाय बॅटरीइतका स्वच्छ आणि वेगळा वीजस्रोत दुसरा नाही. खरखर सप्लायमुळे आहे का हे तपासायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे संशयित पेडल बॅटरीवर लावून पाहणं. पण हा पक्ष फझपुरता खरा. नऊ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीची क्षमता सुमारे ५०० मिलिॲम्पिअर-अवर असते, आणि ३०० मिलिॲम्पिअरच्या भाराखाली तेवढीही मिळत नाही. दोन तासांचा कार्यक्रम तिच्यावर पार पडणार नाही. बहुतेक मोठ्या डिजिटल पेडलांमध्ये बॅटरीची जागाच नसते.

‘ट्रान्सफॉर्मरचा लिनिअर सप्लाय चांगला, एसएमपीएस म्हणजे कचरा’ हे मत जुन्या जाणकारांकडूनही ऐकू येतं. एसएमपीएस म्हणजे स्विचिंग पद्धतीचा सप्लाय. हे मत पूर्वी बरंचसं खरं होतं. स्वस्त मोबाइल चार्जरबाबत आजही आहे. पण स्ट्रायमनचा झुमा आणि सिऑक्सचा डीसी-७ हे दोन्ही स्विचिंग पद्धतीचे सप्लाय आहेत आणि जगभरच्या व्यावसायिक बोर्डांवर शांतपणे काम करतात. झुमाच्या नऊ आउटपुटांपैकी प्रत्येक ५०० मिलिॲम्पिअर देतो आणि प्रत्येक आयसोलेटेड आहे. उलट चांगला लिनिअर सप्लायही वाह पेडलच्या शेजारी ठेवला तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र वाहच्या इंडक्टरमध्ये शिरून गुणगुण करतं. निर्णय तंत्राच्या नावावरून घेऊ नये. आउटपुट आयसोलेटेड आहेत का आणि नियंत्रित आहेत का, यावरून घ्यावा.

आपल्याकडे तर एसएमपीएसची बाजू आणखी भक्कम आहे. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाकडून पॉवर सप्लाय मागवायची पद्धत आहे. पेडल पॉवर टू प्लससारख्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायची अमेरिकी आवृत्ती १२० व्होल्टसाठी असते; ती आपल्या २३० व्होल्टला लावली की पहिल्याच दिवशी जळते. १०० ते २४० व्होल्ट असं छापलेला स्विचिंग सप्लाय मात्र इथेही चालतो आणि तिथेही. गणेशोत्सवाच्या मांडवात जनरेटरवर व्होल्टेज दोनशेच्या खाली घसरलं, तरी त्याच्या आउटपुटला ते कळतही नाही.

आता ‘आयसोलेटेड’ या लेबलाविषयी. ऑनलाइन बाजारात दोन-अडीच हजारांना दहा आउटपुटचे ‘आयसोलेटेड’ सप्लाय मिळतात. त्यांतल्या अनेकांमध्ये वेगळेपण असतं ते फक्त शॉर्ट सर्किटपासूनच्या संरक्षणाचं. निगेटिव्ह सगळ्यांची एकच असते. लेबलवर विश्वास ठेवायची गरज नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. सप्लायची मेन काढावी, एकही पेडल जोडू नये, दोन आउटपुटांना दोन डीसी वायरी लावाव्यात आणि मीटर कंटिन्युइटीवर ठेवावा. मग एक टोक एका प्लगच्या मधल्या भोकात आणि दुसरं टोक दुसऱ्या प्लगच्या मधल्या भोकात टेकवावं. बाहेरचा दंडगोल नको, कारण सेंटर निगेटिव्ह प्लगमध्ये तो पॉझिटिव्ह असतो. मीटर वाजला तर निगेटिव्ह सामाईक आहे, आणि डब्यावर काहीही छापलेलं असलं तरी ती डेझी चेनच आहे. एक आउटपुट कायम ठेवून बाकीचे एकेक करून तपासावेत. काही सप्लायमध्ये निम्मे वेगळे आणि निम्मे एकत्र असतात.

सर्वांत धोकादायक सल्ला मात्र पॉवर सप्लायच्या बाहेरचा आहे. ‘हम येतोय? प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक.’ हम खरोखर कमी होतो, आणि म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मंचावर विजेच्या धक्क्याने मेला. माइकला नीट अर्थिंग नव्हतं. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठांशी माइक, असा उभा असलेला वादक दोन वेगळ्या विद्युत सर्किटांमधला दुवा होतो. आपल्या मांडवांमध्ये, गोव्यातल्या शॅकमध्ये, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ॲम्पची वीज एका बोर्डवरून आणि साऊंडवाल्याची दुसऱ्यावरून येते. हमचा खरा उपाय म्हणजे ॲम्प आणि पेडलबोर्ड एकाच एक्स्टेन्शनवर घेणं, डीआय बॉक्सचं ग्राउंड लिफ्ट वापरणं, आणि मांडवाच्या वायरिंगला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का हे इलेक्ट्रिशियनला विचारणं. अर्थिंग कापणं हा उपाय नाही.

सप्लायच्या नावावर नसलेलं श्रेयही त्याला देऊ नये. सिंगल कॉइल पिकअप दिव्यांच्या डिमरमधून आणि ट्रान्सफॉर्मरमधून ५० हर्ट्झची गुणगुण स्वतः पकडतो; गिटार थोडी वळवली की ती कमी-जास्त होते. ती थांबवायला हमबकर लागतो. जगातला सर्वोत्तम सप्लायही ती थांबवू शकत नाही, आणि तसं सांगून विकणारा दुकानदार फसवतो.

मग निवड कशी करावी? आधी कागदावर बोर्ड मांडावा. ट्यूनर सुमारे ३०, ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन मिळून १५ च्या आत, बॉस डीडी-८ डिले सुमारे ६५, बिगस्काय ३०० मिलिॲम्पिअर. प्रत्येक डिजिटल पेडलला स्वतःचं आयसोलेटेड आउटपुट हवंच, आणि त्या आउटपुटची क्षमता पेडलच्या गरजेपेक्षा पाव हिश्श्याने तरी जास्त हवी. ॲनालॉग पेडल एका आउटपुटवर दोन-तीन चालतील. पॉझिटिव्ह ग्राउंडचा फझ मात्र एकटाच राहील. पुढच्या पेडलसाठी एखादं आउटपुट रिकामं ठेवावं. एकूण आकडा सर्वांत शेवटी पाहावा.

ज्याच्याकडे तीन ॲनालॉग पेडल आहेत, त्याने झुमा घेऊ नये. त्याला नामांकित कंपनीचा एक नियंत्रित नऊ व्होल्ट ॲडॉप्टर आणि डेझी चेन पुरेशी आहे. उरलेले पैसे त्याने केबलवर खर्चावेत. पण ज्याच्या बोर्डवर पहिला डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब येतोय, त्याने त्याच खरेदीत आयसोलेटेड सप्लायचा खर्च धरावा आणि दोन्ही परवडत नसतील तर पेडल एक महिना पुढे ढकलावं. दुकानात जाताना आपल्या प्रत्येक पेडलचे व्होल्ट, मिलिॲम्पिअर आणि पोलॅरिटी लिहिलेला कागद खिशात असू द्या, आणि विक्रेत्याने ‘आयसोलेटेड’ म्हटलं की त्याच्यासमोरच मीटर लावून पाहा.