दोन आसने आणि तिसरा माणूस

सवाई जयसिंह यांनी १७२७ साली जयपूर नगराची स्थापना केली, तेव्हा विद्याधर भट्टाचार्य यांच्या आराखड्यात मुख्य रस्त्यांची रुंदी शंभर फुटांहून अधिक राखण्यात आली होती. हत्ती, घोडे, पालख्या, बैलगाड्या आणि पायी चालणारे नागरिक यांना एकाच वेळी सामावून घेणारा तो विचार होता. पुढे नगर तटाबाहेर वाढले. अल्बर्ट हॉलच्या परिसरातून दक्षिणेकडे निघून बिर्ला मंदिर आणि राजस्थान विद्यापीठ यांच्यावरून जवाहर सर्कलकडे जाणारा जवाहरलाल नेहरू मार्ग आज शहरातील प्रशस्त रस्त्यांपैकी एक आहे. या रस्त्यावर विद्यार्थी आहेत, सायकलस्वार आहेत, ई-रिक्षा आहेत आणि संधी मिळताच वेगाला साद घालणाऱ्या मोटारीही आहेत. दोन आसनी स्पोर्ट्स मोटारीच्या सुरक्षिततेचा विचार करावयाचा तर तो अशा रस्त्यावर उभे राहूनच करावा लागतो.

जयपूरला जुन्या मोटारींचे प्रेम नवे नाही. हिवाळ्यात येथे जुन्या मोटारींचे संचलन भरते, आणि उघड्या टपाच्या, दोनच माणसे बसू शकतील अशा मोटारी हे अशा संचलनांचे नेहमीच आकर्षण ठरते. या जातीचे अभिजात उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेली एमजी टीसी. सुमारे दहा हजार टीसी मोटारी त्या काळात बनल्या. इंजिन १,२५० घन सेंटिमीटरचे, शक्ती ५४ अश्वशक्तीच्या आसपास, पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पुढे दुमडता येणारी सपाट काच. सुरक्षा पट्टा नाही, हवेची पिशवी नाही, धडक सोसून घेण्यासाठी मुद्दाम चुरगळणारा पुढचा भागही नाही. या मोटारीत बसणाऱ्याला आपण असुरक्षित आहोत याची जाणीव प्रत्येक क्षणी होत असे आणि ती जाणीव हेच त्या मोटारीचे एकमेव सुरक्षा साधन होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच नाममुद्रेची सायबरस्टर ही विजेवर चालणारी दोन आसनी मोटार जुलै २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली. किंमत सुमारे ७५ लाख रुपये. शक्ती पाचशे अश्वशक्तीहून अधिक, म्हणजे टीसीच्या नऊपटींपेक्षा जास्त. थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास निर्मात्याच्या सांगण्यानुसार ३.२ सेकंद पुरतात. दारे कळ दाबताच कात्रीच्या पात्यांप्रमाणे वर उचलली जातात आणि उघडताना वाटेत अडथळा आला तर संवेदक त्यांना थांबवितात. वजन मात्र दोन टनांच्या घरात आहे. ऐंशी वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन मोटारी शेजारी उभ्या केल्या म्हणजे अभियांत्रिकीने काय साधले हे एका दृष्टिक्षेपात कळते. काय साधले नाही, हे कळण्यास मात्र थोडे थांबावे लागते.

साधले ते थोडे नाही. स्पोर्ट्स मोटार बुटकी आणि रुंद असते, त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य जमिनीलगत राहतो आणि वळणावर ती सहजासहजी कलंडत नाही. रुंद टायर रस्त्याला घट्ट धरून ठेवतात. ब्रेक जोरात दाबला तरी चाके जखडू न देणारी एबीएस यंत्रणा सुकाणूवरील ताबा कायम ठेवते. मोटार घसरू लागताच स्थिरता नियंत्रण यंत्रणा नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून तिला मार्गावर आणते. १९५९ साली व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी सिद्ध केलेला तीन बिंदूंचा सुरक्षा पट्टा आता धडकेच्या क्षणी आपोआप आवळला जातो. हवेच्या पिशव्या क्षणार्धात फुगतात. उघड्या टपाची मोटार उलटली तर आसनांमागील मजबूत कमानी डोक्याभोवतीची जागा राखतात.

या मोटारीच्या काही मर्यादाही तिच्या रचनेतूनच येतात. चालक इतका खाली बसतो की पुढील ट्रकच्या पलीकडचे त्याला दिसत नाही. टप चढविल्यावर मागची दृष्टी आक्रसते, म्हणून मागचा कॅमेरा आणि बाजूच्या अदृश्य टापूची सूचना देणारी यंत्रणा येथे चैनीची वस्तू राहत नाही. मागे आसनच नसल्याने मुलाला पुढेच बसवावे लागते. आणि मागे तोंड करून बसविण्याचे बालआसन चालू स्थितीतील हवेच्या पिशवीसमोर ठेवणे धोक्याचे असते, त्यामुळे ती पिशवी बंद करण्याची सोय आहे की नाही हे आधी पाहिले पाहिजे. खरेदीच्या वेळी रंगाची चर्चा तासभर चालते आणि हा प्रश्न विचारलाच जात नाही, ही वस्तुस्थिती आहे.

येथवर उल्लेख केलेली बहुतेक साधने एकाच दिशेला तोंड करून उभी आहेत. ती आत बसलेल्या दोघांचे रक्षण करतात. प्रश्न बाहेरच्या तिसऱ्याचा आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होती आणि १९.५ टक्के पादचारी होती. म्हणजे शंभरांतील चौसष्ट माणसांना ना हवेची पिशवी होती, ना पोलादी सांगाडा. याच अहवालात ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदविले आहे. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, मृतांची संख्या १,७२,८९० झाली. मोटारी वर्षागणिक अधिक सुरक्षित होत असताना रस्ते तसे का होत नाहीत, या कोड्याचे उत्तर काही अंशी या आकडेवारीतच आहे.

या ठिकाणी उत्तम ब्रेकचा मुद्दा मांडला जाईल आणि तो रास्तच आहे. पण त्याचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. सर्वसाधारण चांगली मोटार कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला आपला वेग सेकंदास ८ मीटरने कमी करू शकते असे धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक लागल्यापासून ती सुमारे ४८ मीटरवर थांबेल. स्पोर्ट्स मोटार तोच वेग सेकंदास १० मीटरने कमी करते असे मानले, तर ती सुमारे ३९ मीटरवर थांबेल. नऊ मीटरांची ही बचत एखाद्याचे प्राण वाचवू शकते. परंतु संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि त्या एका सेकंदात मोटार २८ मीटर पुढे गेलेली असते. हे २८ मीटर दोन्ही मोटारींना सारखेच. कोणतीही किंमत मोजून ते विकत घेता येत नाहीत.

आता हाच हिशेब उलट्या बाजूने मांडावा. साधी मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकूण ७६ मीटरांत थांबते. उत्तम ब्रेकची स्पोर्ट्स मोटार त्याच ७६ मीटरांत थांबावी असे वाटत असेल, तर तिचा वेग फार तर ताशी १०९ किलोमीटर असू शकतो. अर्थात महागड्या ब्रेकने मिळविलेली सारी पुंजी अवघ्या ताशी ९ किलोमीटरच्या वाढीत खर्च होते. त्यापुढचा प्रत्येक किलोमीटर हा उधारीचा व्यवहार होय, आणि या उधारीला तारण म्हणून रस्त्यावरचा तिसरा माणूस ठेवलेला असतो. त्याची संमती कोणी घेतलेली नसते.

जयपूरच्या परिसरात हा विचार अधिकच निकडीचा झाला आहे. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा सोहना ते दौसा हा २४६ किलोमीटरचा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला. अशा प्रवेशनियंत्रित मार्गांवर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तेथे पादचारी नसतात, आडवा रस्ता नसतो. तेथील वेगाला निदान नियोजनाचा आधार आहे. अडचण त्यानंतरची आहे. दोन तास तशा वेगाची सवय झालेला डोळा आणि पाय शहरात शिरल्यावर ताशी ६० किलोमीटरचा वेगही रांगण्यासारखा मानू लागतात. ध्वनिरोधक काचा आणि निःशब्द मोटर या भ्रमात भर घालतात. जुन्या टीसीत वारा, आवाज आणि हादरे हेच वेगाची वार्ता देत असत. आजच्या मोटारीत ती वार्ता केवळ पडद्यावरील एका आकड्यापुरती उरली आहे.

कायद्याने या तिसऱ्या माणसाची दखल घेतली आहे, हे विम्याच्या भाषेत स्पष्ट दिसते. विमेदार हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा आणि रस्त्यावरील अन्य कोणीही तो तिसरा पक्ष. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्ष विमा सक्तीचा केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. परंतु त्याचा हप्ता कसा ठरतो हे पाहण्यासारखे आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,५०० घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या सर्व खासगी मोटारींना वार्षिक ७,८९७ रुपये असा एकच दर ठेवण्यात आला. विजेच्या मोटारींत ६५ किलोवॉटच्या पुढे सर्वांना ६,७१२ रुपये. म्हणजे सहा-सात माणसांचे कुटुंब घेऊन शांतपणे जाणारी सत्तर किलोवॉटची मोटार आणि पावणेचारशे किलोवॉटची दोन आसनी मोटार, तिसऱ्या माणसाच्या जोखमीच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसल्या.

ही व्यवस्था पुन्हा तपासली जावी, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते. विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मोटार कशी चालविली जाते त्यानुसार हप्ता आकारण्यास मुभा दिली, पण ती स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्यापुरती. ज्या विम्यात दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे तेथेही मोटारीची शक्ती, तिच्यातील स्वयंचलित आपत्कालीन ब्रेकसारखी साधने आणि चालकाची वर्तणूक यांना स्थान मिळाले पाहिजे. जो संयमाने चालवितो त्याला सवलत आणि जो जोखीम वाढवितो त्याला अधिक भार, हे तत्त्व कर्जव्यवहारात सर्वमान्य आहे. रस्त्यावर ते परके का असावे?

सुरक्षा मानांकनासही हाच न्याय लावता येईल. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप कार्यक्रमाने ग्राहकाला ताऱ्यांची भाषा शिकविली, हे मोठेच काम झाले. परंतु तेव्हाच्या नियमांत हे तारे आतील प्रौढ आणि बालक प्रवाशांच्या संरक्षणासाठी होते. युरोपातील अशाच कार्यक्रमात २००९ पासून पादचाऱ्याच्या संरक्षणाचे गुण एकूण मानांकनात धरले जातात. ज्या देशात पादचारी आणि दुचाकीस्वार मिळून मृतांची संख्या निम्म्याहून बरीच पुढे जाते, तेथे या ताऱ्याची गरज युरोपपेक्षा अधिक आहे.

नियम बदलेपर्यंत सुजाण ग्राहकाने हात बांधून बसण्याचे कारण नाही. मोटार दोन आसनी असो वा पाच आसनी, किंमतपत्रक हाती घेताच काही प्रश्न विचारता येतात. पादचारी आणि सायकलस्वार ओळखून ब्रेक लावणारी यंत्रणा आहे काय? असल्यास ती मूळ किमतीत आहे की वरच्या श्रेणीतच? ठरविलेल्या वेगमर्यादेची सूचना देण्याची सोय आहे काय? टायर बदलण्याचा खर्च किती? रुंद टायर महाग असतात, आणि झिजलेल्या टायरवर उत्तम ब्रेकही निरुपयोगी ठरतो. मासिक हप्त्याची आखणी करतानाच टायर, ब्रेक आणि विमा यांची तरतूद बाजूला ठेवली तर पुढे त्याच गोष्टींत काटकसर करण्याची वेळ येत नाही.

आणखी एक गोष्ट कुटुंबप्रमुखांनी ध्यानात ठेवावी. मोटार वडिलांच्या नावे आणि किल्ली मुलाच्या हाती, हे चित्र कोणत्याही शहरात दुर्मिळ नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५ हजार रुपये दंड आणि बारा महिन्यांसाठी नोंदणी रद्द, अशी तरतूद आहे. वैध परवान्यावाचून चालविताना अपघात झाला, तर विमा कंपनी तिसऱ्या पक्षाला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. आयुष्यभराची बचत एका संध्याकाळी संपण्यास एवढे पुरेसे आहे.

वेगाच्या आनंदाला विरोध करण्याचे काही कारण नाही. सुंदर यंत्र चालविण्यात माणसाला जो आनंद होतो तो निर्मळ आहे, आणि स्वकष्टार्जित पैशातून तो घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. त्या आनंदाचे मूल्य मात्र स्वतःच्याच खिशातून चुकते झाले पाहिजे. मोटारीचे कर्ज पाच-सात वर्षांत फिटते. विद्यापीठाच्या फाटकासमोर रस्ता ओलांडणाऱ्या त्या तिसऱ्या माणसाच्या घरचे नुकसान कोणत्याही हप्त्यांनी फिटत नाही.